‘आणि ऐक’च्या पुढचं

खवला नेमका गालावर चिकटला होता. फोनच्या काचेवरचा खवला, आणि काचेखाली तिचा गाल... यातुनने तो नखाने खरवडून पाहिला तर खवला जागचा हलला नाही, चित्र मात्र हललं, आणि काचेतली बाई — म्हणजे यातुनच, दुसरी कोण — पुन्हा पहिल्यापासून कडाडली.

“अंगठा काढ आधी! पाकट आहे तो, उशी नाही! बायको बघायला गेला होतास तेव्हा तिचेही गाल असेच दाबून बघितले होतेस? मी पहाटेपासून धुरात डोळे जाळून घेते ते काय तुझा अंगठा तेलकट व्हावा म्हणून? नको तर नको म्हण. पण हात लावलास तर घरी न्यावं लागेल, लग्नासारखंच! आणि ऐक—”

आणि पुन्हा, “अंगठा काढ आधी!”

आणि ऐक... काय ऐक?

धुराचा माग घेत आलेल्या मांजराला तिने पायाने बाजूला सारलं, पण डोळे काचेवरच. हे असं गेले कित्येक दिवस चाललं होतं. तुबानच्या किनाऱ्यावरचा हा मासळीबाजार, समोर हमरस्ता, पाठीमागे समुद्र, आणि मधे करवंट्यांच्या धुरावर बांबूच्या काडीत टोचून ठेवलेले पाकटाचे तुकडे — यात तिचा जन्म गेला. सगळा बाजार तिला माक म्हणतो, म्हणजे आई; आणि आई म्हणूनच तिच्या शिव्या खातो. त्या दिवशी बसमधून उतरलेल्या कुणा चष्मेवाल्याने तिच्या माशात अंगठा रुतवला, तिने त्याला झाडला, आणि शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजातल्या पोरीने ते फोनमध्ये धरलं. झालं एवढंच. अशी झाडाझडती ती रोज करते. पण ही एक घरोघर गेली, बेटाबेटांवर गेली, आणि आता जिने आयुष्यात कधी हा किनारा पाहिला नाही अशी बाईसुद्धा पोराला ओरडताना म्हणते, अंगठा काढ आधी!

लोकांनी बघितलं ते बघू देत. तिला नवल वाटत होतं ते निराळंच. माणूस स्वतःला रागावलेलं कधी बघत नाही. आरशात बघतो तेव्हा तोंड बंद असतं, केस विंचरायचे असतात... ही काचेतली बाई मान अशी पुढे काढते, डावा हात असा कमरेवर — हा हात मी कधी ठेवला कमरेवर? — आणि शेवटी शेवटी, ‘आणि ऐक’ म्हणताना, तिच्या भुवया खाली येतात. राग चढताना तिच्या भुवया वर जातात, खाली नाही येत. म्हणजे राग तिथे संपला होता. संपला होता आणि तरी तिला काहीतरी सांगायचं होतं. काय?

“माक, फोन द्या, चार्जिंगला लावते,” एन्दाह म्हणाली. एन्दाह सून. लेक बोटीवर, म्हणून घरात दोघीच, आणि फोनमधलं सगळं सुनेच्या हातात. “स्वतःलाच किती बघाल? नजर लागेल.”

“माझी मला नाही लागत. तू मला एक सांग, ‘आणि ऐक’नंतर मी काय म्हणाले?”

“परत सुरू झालं तुमचं! त्या पोरीला विचारलं ना मी. तिच्याकडे एवढंच आहे. तिच्या फोनमधली जागा संपली तिथे.”

“तू तर शेजारीच होतीस.”

“मी कोळसे फुंकत होते. आणि तुमचं बोलणं मी सगळं ऐकत बसले तर कोळसे कोण फुंकेल?”

सून उलटून बोलली नव्हती, टोचूनही बोलली नव्हती. सहज बोलली होती. म्हणूनच ते आत जाऊन बसलं.

पलीकडच्या ठेल्यावरच्या दार्मीला तिने सकाळीच विचारलं होतं. दार्मी म्हणाली, “तू विचारलंस त्याला, जेवलास का म्हणून. तू सगळ्यांना शिव्या देतेस आणि मग तेच विचारतेस.” मी? मी कशाला विचारू? माझ्या घरी काय खानावळ आहे? यातुन तिच्या अंगावर धावून गेली, आणि दार्मी हसत म्हणाली, मग नसशील विचारलं बाई, मला काय माहीत, मी गिऱ्हाईक बघत होते.

फोनमध्ये त्या चित्राखाली लोकांनी आपापले शेवट लिहिले होते. एन्दाह वाचून दाखवायची. आणि ऐक, माझी धाकटी अजून बिनलग्नाची आहे. आणि ऐक, सुटे दे. आणि ऐक, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. यातुन हसायची, आणि हसता हसता प्रत्येक शेवट जिभेवर ठेवून बघायची, ओळखीचा लागतो का म्हणून... एकही लागला नाही.

दुपारी सुराबाया शहरातून गालिह आला. माल खपवण्यासाठी चित्रफिती बनवून देणारा हा तरुण, बोलायला गोड, पाय मात्र धुरापासून चार हात लांब. सोबत कॅमेऱ्याची तिपाई, दिव्याचं कडं, आणि एक चष्मेवाला माणूस. त्याचं नाव तियोक. तो त्या चष्मेवाल्यासारखा दिसत होता एवढीच त्याची लायकी.

“माक, आज थेट प्रक्षेपण,” गालिह म्हणाला. “हा अंगठा लावणार, तुम्ही झाडायचं, जसंच्या तसं. ‘आणि ऐक’ म्हटलं की हा हसत बाजूला होईल, एन्दाहताई माशाची पाकिटं दाखवतील, लोक तिथल्या तिथे मागणी नोंदवतील.”

“आणि पुढचं? ऐकचं पुढचं?”

“ते नकोच! अहो, सगळी जादू त्याच्यातच आहे. शेवट तुटलाय म्हणून तो पहिल्याला जोडला जातो. माणसाला कळतच नाही कुठे संपलं, तो परत बघतो, परत बघतो. शेवट असता तर एकदा बघून गेला असता.”

शेवट असता तर गेला असता. हे तिला पटलं, आणि पटलं म्हणून राग आला. पण बोलली नाही, कारण नवा रस्ता झाल्यापासून बहुतेक बसा वरच्या वरून जायला लागल्या होत्या. समोरचा हमरस्ता दुपारी झोपलेला असे, आणि बाजारातले निम्मे ठेले बंद. सणाच्या आधी पाकिटातला मासा शहरात खपला नाही तर हा धूरही विझणार हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. मागणी माझ्या धुराला नाही, माझ्या तोंडाला आहे. असो. तोंड तर तोंड.

शेवट असता तर गेला असता... पण शेवट नसतानाही सगळे गेलेच की. नवरा, सारिप — ती बोलायला लागली की जाळं खांद्यावर टाकून निघायचा. अर्धं बोलणं ती त्याच्या पाठीला सांगायची, उरलेलं वाळूला. लेक तसाच. आईसुद्धा तिचं बोलणं पुरं होऊ द्यायची नाही, वरून आपलंच सुरू करायची. म्हणजे एवढं जन्मभर बोललेल्या बाईचं एकही बोलणं टोकाला गेलं नाही? की टोक नव्हतंच? की लोक जाणार हे ठाऊक असल्यामुळे मी टोक कधी घडवलंच नाही... पण त्या चष्मेवाल्याने ऐकलं होतं. चित्रात दिसतं ना — अंगठा माशातच, मान पुढे, तोंड जरासं उघडं. तो गेला नव्हता. त्याला ठाऊक आहे. कुठल्याशा गावी तो माझं वाक्य घेऊन बसलाय, आणि माझ्याकडे ते नाही!

कड्याचा दिवा लागला. एन्दाहने तिच्या डोक्यावरचं कापड नीट केलं. “घाबरू नका, माक.”

“मी? पाच पोरांचा जन्म बिनदिव्याचा झालाय माझ्या घरात. सरक.”

तियोकने अंगठा लावला. लावला कसला, टेकवला, धुराचा वास बोटाला लागेल म्हणून. तिला वाटलं होतं राग आणावा लागेल. पण शब्द आपसूक आले, आंघोळीनंतर हात जसे आपोआप कापड गुंडाळतात तसे. अंगठा काढ आधी, उशी नाही, बायकोचे गाल... फोनच्या काचेवर खालून वर बदाम उडायला लागले. गालिह मूठ आवळून नाचत होता. डोळे जाळून घेते, अंगठा तेलकट, लग्नासारखंच—

“आणि ऐक—”

ठरल्याप्रमाणे तियोक हसला आणि वळला. त्याची पाठ दिसली, पांढरा शर्ट, घामाचा डाग. तशीच पाठ. सगळ्या पाठी तशाच असतात.

“थांब.”

तो थांबला.

“तुला जा म्हणून कुणी सांगितलं? उभा राहा. माझ्याकडे बघ.”

त्याने गालिहकडे पाहिलं. गालिह बोटं गोल गोल फिरवत होता — आटपा, आटपा, पाकिटं. एन्दाहने पाकीट अर्धवट उचललं आणि तिथेच धरलं. हातातली फुंकणी तिने खाली ठेवली होती, हे यातुनने पाहिलं. दार्मीने पलीकडून मान बाहेर काढली. तियोक परत वळला, दोन्ही हात पुढे घेऊन उभा राहिला, शाळेत उभं राहतात तसा. चष्म्याआड त्याचे डोळे साधे, दमलेले होते. हा कुणाचा कोण, सकाळी कुठल्या घरून निघाला असेल, याची आई याला काय म्हणून हाक मारत असेल... याचं मला कधीपासून पडायला लागलं?

पोटात जिथून राग उसळतो तिथे तिने चाचपून पाहिलं — तिथे राग नव्हता. रिकामंही नव्हतं. काहीतरी होतं, त्याला अजून शब्द नव्हता, आणि तो तिने आजवर कधी शोधलाही नव्हता, कारण तोवर समोर पाठ आलेली असायची.

“काय, माक?” तियोक हळूच म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

काचेवर बदाम उडायचे थांबले होते. किती लोक बघतायत, गेले की आहेत, गालिहने कपाळाला हात का लावला, हे सगळं तिला दिसत होतं, पण खूप लांबून, जसा समुद्र पाठीला असतो तसं.

“थांब रे जरा,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच नवा वाटला. “येतंय.”

आणि ते काय येतंय, हे ऐकायला ती स्वतःच कान देऊन उभी राहिली.