एक्स-ऑर्गमधला जोतिराम

जोतिरामचा दिवस घातल्यापासून त्याचा कॉम्प्युटर अडखळायला लागला होता. विंडो ओढली की ती मागं रेंगाळायची, माउस पुढं निघून जायचा, आणि मग सगळं दचकून एकदम जागेवर यायचं. प्रियंकाला त्याचं काही वाटलं नाही. ती शुक्रवार पेठेतल्या एका दुकानात दुरुस्तीचंच काम करायची. असली रुसलेली यंत्रं रोज तिच्या पुढ्यात येऊन पडत.

तिला घोर लागला तो आईचा. जोतिराम, तिचा थोरला भाऊ, कुंभारीच्या त्यांच्या दोन खोल्यांत बसून लग्नांचे व्हिडिओ जोडायचा, तेही विंडोज सोडून लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीवर. अक्कलकोट रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली आणि तो गेला. तेव्हापासून आई, बनाबाई, रोज दुपारभर त्याच्या पडद्यासमोर फतकल मारून बसायची. मेंढरांमागं उभा जन्म काढलेली बाई ती, तिला कॉम्प्युटरचं काय कौतुक? पण ताटातली भाकरी वाळून कडक व्हायची आणि हिची नजर हलायची नाही. बाई पार वाळून गेली होती. भाऊ गेला, आता आईही जाते की काय, ही धास्ती प्रियंकाला सुटत नव्हती.

"आये, काय बघतीस गं त्यात?"

"जोती बसलाय की. पाठमोरा हाय."

रविवारी सुट्टी होती. प्रियंका खुर्चीत बसली, विंडो ओढली. पडदा अडकला, चित्र मधोमध फाटलं आणि त्या फटीत एक डोकं दिसलं. केसांत दोन भोवरे, कानामागं व्रण, थेट जोतिरामसारखे. लगेच नाहीसंही झालं.

ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत एखाद्या व्हिडिओचं जुनं चित्र उरलं असेल, असं तिनं मनाला समजावलं. असं कधीकधी होतं. वीज बंद केली की ती मेमरी कोरी होते, हेही तिला ठाऊक होतं, पण त्या वाटेला ती गेली नाही.

लिनक्सच्या मंडळींची एक खोड असते. दुखणं कुठलंही सांगा, औषध एकच: दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचाच दुसरा अवतार, टाकून बघा. प्रियंकानं तेही केलं. हार्ड डिस्क काढून ठेवली, पेन ड्राइव्हवरून मिंट चालवलं, मग उबंटू, मग फेडोरा. सगळीकडं तोच अडखळा. आणि मिंटमध्ये, जिथं जोतिरामची एकही फाइल नव्हती, तिथंही ते डोकं आलं.

फेडोरात मात्र कोणी दिसेना. तिथं पडदा रंगवण्याचं काम वेलँडकडं होतं. वेलँड मोठं शिस्तीचं. अर्धवट चित्र बाहेर येऊच देत नाही. पडदा नुसता थिजायचा. हेच काम करणारं जुनं एक्स-ऑर्ग तसं भोळं, हाताला लागेल ते अर्धंमुर्धं समोर टाकणारं. उबंटूत लॉगिन करताना दोन्हींतलं एक निवडता यायचं. वेलँड लावलं की कोणी नसायचं. एक्स-ऑर्ग लावलं की जोतिराम असायचा.

"पैलं हुतं तेच लाव," आई म्हणायची. "त्यो वळतोय. आज मान हलवली त्यानं."

आणि खरंच, पुढच्या खेपेला प्रियंकाला गालाची कड दिसली. आधी ती नव्हती. तिला सख्ख्या भावाची भीती वाटली, आणि भीती वाटली याची लाजही वाटली.

दुसऱ्याच रविवारी तिनं ठरवलं, हा अडखळा मुळातूनच काढायचा. कार्डाचं तापमान पाहिलं तर ते भट्टीसारखं तापलेलं. तिनं कॅबिनेट उघडलं. कार्डाचा पंखा पिवळ्या पिठानं गच्च बसला होता.

"आये, ह्यो भंडारा आत कुणी टाकला?"

"मीच. त्याचं अवजार हाय ते. दसऱ्याला मेंढरांच्या कातरीवर टाकतो की आपन. रोज चिमूट टाकते. बिरोबानं राखावं म्हनून."

जाळीतून रोज हळद आत जात होती, पंखा अडत होता, कार्ड तापत होतं आणि तापलं की आपला वेग पाडत होतं. एवढंच होतं ते. प्रियंकाला हसू आलं आणि रडूही. तिनं ब्रश घेतला, फुंकणी घेतली, कानाकोपरा झाडला. कॉम्प्युटर सुरू केला. वेलँडवर पडदा लोण्यासारखा हलला. एक्स-ऑर्गवरही तसाच. कुठं फट नाही, कोणी नाही.

आता आई आकांत करणार, म्हणून ती जीव मुठीत धरून उभी राहिली. बनाबाईनं जरा वेळ पडद्याकडं पाहिलं, उठली आणि ताट वाढून घेतलं. भाकरी कालवणात कुस्करली आणि पोटभर जेवली. प्रियंकाचे डोळे भरून आले. आई वाचली होती.

"आये, रागावली न्हाईस?"

"कशाला? काल वळला की त्यो पुरा. तू दुकानात हुतीस तवा."

"तुझ्याकडं बघितलं?"

"न्हाय गं. माझ्या डोक्यावरनं, दाराकडं. तुलाच हुडकत हुता. मी म्हनलं, प्रियंका येती संध्याकाळी, उद्या तिला सुट्टी हाय, बसंल ती तुझ्याम्होरं. लई वाट बघती तुझी. व्हय म्हनल्यागत मान हलवली बघ त्यानं." तिनं हात धुतला. "म्हनून आज घास गेला. म्या बघितलं त्याला. आता तुझी पाळी."

प्रियंका खुर्चीत बसली. एक्स-ऑर्ग लावलं. एक विंडो उघडली आणि ओढली, डावीकडून उजवीकडं, मग परत, मग जोरात, मग आणखी जोरात. विंडो हाताबरोबर निमूट सरकत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "एकदाच अडक की रे."

विंडो कुठंच अडकली नाही.