बहात्तर किलो चारशे

"त्रेपन्न किलो सहाशे!"

सिप्रियनचा आवाज वर्गाच्या या टोकाहून त्या टोकाला गेला आणि दारातून बाहेर व्हरांड्यातही पोचला. पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टर जोआनाने मान वर न करताच आकडा लिहून घेतला. सिप्रियनने सांगितलेलं पुन्हा विचारावं लागत नसे, ही त्याची एकतीस वर्षांची कमाई. त्याच्या गास गावच्या चर्चमध्ये रविवारी तो वाचनाला उभा राहिला की माईक बंद पडला तरी कोणाचं काही अडत नसे.

गोखिवऱ्याच्या या शाळेत आज दहावीच्या मुलांची पाहणी होती. वजनाचा या वयातल्या मुलांच्या जगण्यावर काय परिणाम होतो, ते जोआनाला शोधायचं होतं. जिना चढताना दम लागतो का, फोटो काढून घ्यावासा वाटतो का, वर्गातले नावं ठेवतात का, असे तीस प्रश्न. कागद मुलांनी स्वतः भरायचा, त्यावर नाव नाही, फक्त नंबर. वजन मात्र सिप्रियनने घ्यायचं. आरोग्य केंद्रातला हा जुना माणूस डिसेंबरात निवृत्त होणार होता, आणि त्याच्या हातून आजवर एकही फॉर्म अपुरा गेला नव्हता. हे तो कोणालाही, न विचारता, सांगत असे.

"अंकल, या तुकडीतला सदतीस नंबर राहिलाय," मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा जोआना म्हणाली. "प्रश्न पण अर्धेच भरलेत तिने. वजन नसेल तर कागद बाद करावा लागेल."

सदतीस नंबर म्हणजे आर्या. सकाळपासून ती रांगेत होती, पण रांग काही तिला पुढे नेत नव्हती. मागच्याला पुढे सोडायची, बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायची, पाणी प्यायला जायची. आता वर्ग रिकामा झाला, तशी ती मागच्या बाकावर एकटीच उरली. सिप्रियन तिच्यापाशी गेला.

"ये बाळा. सुई नाय टोचायची, नुसतं उभं राहायचं. एवढं काय घाबरायचं त्यात?"

"घाबरत नाही मी. तुम्ही खूप मोठ्याने बोलता, काका."

"बोलायलाच पायजे. डॉक्टर तिकडे, काटा इकडे."

"आठवीत पण तुम्हीच आला होतात." आर्या बाकाकडे बघत म्हणाली. "हॉलमध्ये चारही तुकड्या बसलेल्या. तुम्ही ओरडलात, बहात्तर किलो चारशे! आणि वरून म्हणालात, शाब्बास!"

सिप्रियनला ती मुलगी आठवेना, तो हॉलही आठवेना. पण शाब्बास त्याचंच होतं. ते नाकारायची सोय नव्हती.

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी बहात्तर. सर हजेरीला आर्या म्हणतात, मागून आवाज येतो, बहात्तर. थ्रोबॉल सोडला मी. आता माझं साठ झालं ना, तरी मी बहात्तरच राहणार."

ती रडत नव्हती. घरचा पत्ता सांगावा तसं सांगत होती.

नोकरीची पहिली वीस वर्षं सिप्रियनने जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काढली होती. आढ्याला काटा टांगायचा, झोळीत पोर घालायचं. पोर किंचाळायचं, आणि अंगणवाडीच्या ताई लांब सावलीत वही घेऊन बसलेल्या. ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाही. मागच्या महिन्याला सहा किलो आठशे असलेलं पोर सात दोनशे भरलं की आईचं तोंड फुलायचं, आणि सिप्रियन आपोआप म्हणायचा, शाब्बास! तिथे मोठा आकडा ही आनंदाची बातमी होती. मग वसईला बदली झाली. काटा बदलला, मुलं बदलली, ओरडणं तेवढं तसंच राहिलं. हॉलमधल्या त्या टाळ्याही त्याला खऱ्याच वाटल्या असणार. त्याला मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं, बाळा."

"आता काय उपयोग?"

"उपयोग नाय," तो म्हणाला. "नको असेल तर राहू दे. कागद बाद झाला तर झाला."

आर्याने प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. मग ती खाली वाकली आणि बुटांच्या लेस सोडू लागली.

सिप्रियनने काटा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. ती काट्यावर उभी राहिली तेव्हा तो आकड्याच्या आणि खिडकीच्या मध्ये उभा होता. सुट्टी संपत आली होती, व्हरांड्यात पोरं जमली होती. गजांतून कोणीतरी ओरडलं, "ए बहात्तर! किती झालं?"

"किती, अंकल?" टेबलावरून जोआनाचंही तेच.

आकडा त्याच्या ओठांपर्यंत आला होता. त्याने खिशातून चिठोरं काढलं, लिहिलं, घडी घातली आणि वर्गभर चालत जाऊन जोआनाच्या पुढ्यात ठेवलं. आर्याने बूट घातले, आपला अर्धवट भरलेला कागद मागून घेतला आणि बाकावर बसून पुढचे प्रश्न भरू लागली.

सुट्टीनंतर दुसरी तुकडी आली. सिप्रियन दर मुलामागे काट्यापासून टेबलापर्यंत चिठ्ठी घेऊन जात राहिला. गुडघे दुखायला लागले.

"अंकल, आवाज बसला का?" जोआनाने विचारलं.

"हो," तो म्हणाला, "बसला."

शेवटी एक काटकुळी मुलगी काट्यावर चढली. आकडा दिसला, ती उतरली आणि खांदे आवळून, डोळे मिटून तिथेच थांबली. काहीच ऐकू आलं नाही तेव्हा तिने डोळे उघडले.

"झालं?"

"झालं," सिप्रियन हळूच म्हणाला. "जा."