शेंदराखालचा भैरोबा

बेलपानांचा ओला, कडवट वास आला की गौराबाई आली, हे नव्या पेठेतल्या आमच्या कापडदुकानात मान वर न करताही कळे. सोलापूरच्या वैशाखात, फरशीवर पाय ठरत नसे तेव्हा, ती पायरीच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत बसून बेल निवडी. किडकं पान वेगळं काढतानाही तिच्या बोटांत जे मार्दव असे, त्याच्या शतांशाने जरी माणसं तिच्याशी वागली असती तर! टेंभुर्णीकडच्या एका खेड्यातली ती गुरवीण. गावचा भैरोबा एका गोऱ्या साहेबाने पेटीत घालून विलायतेला नेला आणि गावाने आळ घेतला तो हिच्यावर, हिनेच विकला म्हणून. साहेबाला जाब विचारायची कुणाची छाती होती? विधवा बाई मात्र आयती सापडली. तिला वाळीत टाकून वेशीबाहेर काढलं.

"देव माघारी येऊ द्या, मग गाव काय बोलतंय बगू की," एवढंच ती म्हणे.

आणि तो खरोखरच आला. साहेब वारला होता. त्याच्या माघारी मूर्ती तिथल्या संग्रहालयाकडे गेली, आणि त्यांनी ती गावाला परत पाठवली. गौराबाईला घेऊन मीच गावी गेलो. वाटभर ती नव्या नवरीसारखी पदर सारखा करीत होती.

पेटी उघडली आणि पुढे सरसावलेलं गाव मागे सरलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर त्या अतिशहाण्यांनी खरवडून काढला होता! आमच्याकडे देव म्हणजे तो केशरी, फुगीर आकार आणि चांदीचे डोळे. खालचा पाषाण कुणी पाहायचा नसतो. कधी शेंदराची खोळ आपसूक गळून पडलीच, तर पडद्याआड गुरवाच्या घराने तेवढं पाहायचं. समोर होता तो काळाभोर, मिशाळ, परका तरुण.

"ह्यो आमचा देव न्हाय," पाटील म्हणाला.

गौराबाई पुढे सरली. तिच्या लग्नाच्या वर्षी खोळ पडली होती, तेव्हा नवऱ्याच्या हाती तेलात कालवलेला शेंदूर देत ती पडद्याआड उभी होती. "ह्योच त्यो! डाव्या कानामागं चीर हाय, बगा." पाटलाने वाकून पाहिलं. चीर होती.  सुटली बिचारी, असं वाटलं.

"आन् चीर तुला कशी गं ठावं?" पाटील हसला. "शेंदूर उतरवून सायबाला तूच दाखिवलास की!"

सगळा पार हसला. मेल्यांच्या जिभा झडल्या कशा नाहीत! तिच्याच साक्षीने देव खरा ठरला आणि त्याच साक्षीने ती चोर ठरली. ढोल वाजले, ताज्या शेंदराने देव माखला गेला, आणि तिला वेशीपर्यंत हाकलत नेलं. परतताना ती रडली नाही. "देवानं तरी सांगायचं की," एवढंच पुटपुटली.

गौराबाई जाऊन आता वर्षं लोटली. देव हरवला होता तोवर तिच्यापाशी एक आशा तरी होती. काळाने गावाला देव परत दिला, आणि तिच्याकडून तेवढीही काढून घेतली.