सदतीस एकट्या बाया

भंडाऱ्यातल्या आमच्या ऑफिसात मी तुळसाबाईंना खुर्ची दिली, तरी त्या फरशीवरच बसल्या. वैनगंगेवरच्या धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्यांना नव्या वसाहतीत प्लॉट मिळणार होते. कोणता प्लॉट कोणाला, याची उद्या सोडत होती आणि यादीत त्यांचं नाव नव्हतं.

"माहं नाव काहून नाही जी? घर तं माहंही बुडालं."

सरकारसाठी यादी काढायचं काम आमच्या कंपनीनं माझ्याकडे दिलेलं. "पाहते मावशी," म्हटलं, आणि मनात म्हटलं, यांनी फॉर्मच भरला नसणार. चूक आपली असेल हे शिकलेल्या माणसाला आधी सुचतच नाही.

नोंद होती. घर होतं, अंगठा होता. फक्त "घरात आणखी कोण?" यापुढे रिकामा कंस. बाईंनी खरं तेच सांगितलेलं, कोणी नाही.

ही घरातल्या माणसांची माहिती जेसनमध्ये, म्हणजे कंसांत लिहिलेल्या यादीत होती. ती फोडून माणशी एक ओळ काढणारं फंक्शन मी घरांच्या तक्त्याला साध्या जॉइननं जोडलं होतं. रिकाम्या कंसातून ओळच निघत नाही, म्हणून अख्खं घर गळालं. लेफ्ट जॉइन असता तर आणखी माणसं नसली तरी घर राहिलं असतं. मी तो लावला, यादी काढणारी क्वेरी पुन्हा चालवली. सहाशे बाराची सहाशे एकोणपन्नास नावं झाली. वाढलेल्या सदतीसही एकट्या राहणाऱ्या बाया. मला माझीच लाज वाटली.

आमचे प्रकल्पप्रमुख धनंजय सर स्क्रीन पाहून हसले. "तुझ्या यादीवरून प्लॉट सहाशे बाराच पाडलेत, अपेक्षा. क्वेरी चुकली असं लिहून देशील? तुझं कंत्राट मार्चमध्ये संपून राहिलं ना?"

"मग या बायांचं काय, सर?"

"जुनीच ठेव. त्या काही कोर्टात जात नाहीत."

मी क्वेरीत चूक होती तशी परत टाकली. स्वतःच्या हातानं.

बाहेर येऊन म्हटलं, "मशीन नाव घेत नाही, मावशी."

तुळसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "जाऊ द्या म्याडम. तुमी एवढं पाह्यलं तरी. आमच्यासाठी कोण बसते?"

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मी तो फिरवू दिला.