कधीच न खोकलेले हृदय

मित्रांनो, मी हृदयाचा एक जुना फोटो आहे. कोणाच्या हृदयाचा, असे विचाराल तर पंचाईत होईल, कारण ते कोणाचेच नाही. मला आईबाप नाहीत. एक संगणक आहे, पण तोही फारशी ओळख दाखवत नाही.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की तिथे वण राहतो. एमआरआय काढताना रुग्णाला एक औषध टोचतात. मग फोटोत निरोगी स्नायू काळा दिसतो आणि वण पांढरा उजळतो. हे वण संगणकाला ओळखता यावेत, अशी एका रुग्णालयाची इच्छा होती. पण शिकवायला हजारो फोटो हवेत आणि त्यांच्याकडे होते मोजके. शिकवणीसाठी लोकांना झटके यायची वाट पाहणे बरे दिसले नसते. म्हणून तिथल्या इंजिनिअर बाईंनी संगणकाला ते मोजके फोटो दाखवले आणि त्याच्याकडून आमच्यासारखे बनावट फोटो काढून घेतले.

आमची परीक्षा हृदयाचे मोठे डॉक्टर घेत. बाई खऱ्या-बनावट फोटोंची सरमिसळ करून त्यांच्यापुढे ठेवत. फोटो जरा पुसट असला, कडा हलल्यासारखी दिसली, की डॉक्टर तो बनावट ठरवत आणि बाई तसले सगळे काढून टाकत. डॉक्टरांना फसवेल तोच पास. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला आणि या रुग्णाला आजच भरती करा, असे फर्मावले. रुग्ण जन्मलेलाच नाही, हे बाईंनी हळूच सांगितले. डॉक्टर ओशाळले, पण माझी कीर्ती झाली. परिषदांमध्ये मला भिंतीएवढा करून दाखवू लागले. आमच्यासारख्या देखण्या फोटोंवरच वण ओळखणारा प्रोग्राम शिकून तयार झाला.

मग एक बसचालक आला. गाडी चालवताना घेरी आल्यामुळे त्याला घरी बसवले होते. वण नाही असा अहवाल मिळाला, तर स्टिअरिंग परत मिळणार होते. सोबत थोरली बहीण होती. यंत्रात श्वास रोखायला सांगितले की त्याला नेमका खोकला यायचा. तरी फोटो निघाला आणि प्रोग्रामने क्षणात सांगितले, वण नाही. गडी बाहेर बाकावर बसून डेपोतल्या दोस्तांना फोनही करू लागला.

सही करण्यापूर्वी डॉक्टरांनी फोटो पाहिला. पुसट होता, कडा हललेली होती. सवयीने ते म्हणाले, "हा बनावट आहे."

"डॉक्टर, तो बाहेर बाकावर बसलाय," बाई म्हणाल्या.

हलणारी हृदये दोघांनी मिळून वेचून वेचून फेकली होती. उरलो होतो आम्ही. श्वास रोखण्यात आमचा हात कोण धरणार? आम्ही मुळात श्वास घेतच नाही. खोकणाऱ्या माणसाचे हृदय त्या प्रोग्रामने जन्मात पाहिले नव्हते.

सही राहिली. खोकला बरा झाल्यावर फोटो पुन्हा काढला. वण होता. बारीक, पण होता.

"म्हणजे गाडी गेली माझी," बसचालक म्हणाला.

"गेली तर जाऊ दे," बहीण म्हणाली. "मागे गाडीभर माणसं बसवून तू तिथंच मान टाकली असतीस, तर त्यांच्या घरी काय सांगायचं होतं मी?"

आता त्याच्या छातीत कातडीखाली एक छोटे यंत्र आहे. ठोके भलतेच पळू लागले, तर ते त्यांना वळणावर आणते. तो डेपोत बसच्या वेळा पुकारतो आणि बाकीच्या चालकांच्या चुका काढतो. त्यात त्याला गाडी चालवण्याहून जास्त सुख आहे, असे बहिणीचे मत पडले.

बाईंनी मग खोकणारी, धापा टाकणारी, बेशिस्त हृदये बनवून प्रोग्रामला पुन्हा शिकवले. माझी रवानगी जुन्या फोल्डरमध्ये झाली. परिषदेचे बोलावणे येत नाही. थोडे वाईट वाटते, पण तक्रार नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही कोणाला काही शिकवाल, यंत्राला किंवा माणसाला, तेव्हा पुसट आणि वेडेवाकडे नमुने फेकून देऊ नका. आणि कधी घेरी आली, छातीत काही वेगळे वाटले, तर ते लपवू नका, घरी सांगा. माझे हृदय बिघडले तर बाई एक बटण दाबून दुसरे काढतात. तुमच्यासाठी तसले बटण अजून कुठेच नाही.