रिकाम्या पाटाला नमस्कार

"आली, आली! गप बसा की!"

सोलापूरबाहेरच्या माळावर शे-दीडशे माणसं श्वास रोखून बसली होती. समोर बोरीखाली पाटावर हरणबाबा डोळे मिटून. गवतातून काळविटांचा कळप आला, थबकला आणि एकेक हरीण बाबांसमोर खाली मान घालून उभं राहिलं.

"मुकं जनावर नमस्कार करतंय," बाबा हळूच म्हणाले. "मागल्या जन्मी कैलासावर माझ्याच कळपात होती ही."

बायकांच्या डोळ्यांत पाणी. त्यात पहिल्या रांगेत शिवबाई.

मागं बसलेल्या दाक्षायणीची दुर्बीण मात्र हरणांवरून शिवबाईच्या पायांवर वळली. शिवबाई तिची सासू. दाक्षायणी भवानी पेठेत शिवणकाम करायची आणि रविवारी हौशी मंडळींबरोबर या माळावर हरणं मोजायची. नर किती, पाडसं किती, लंगडतंय कोण, सगळं फोनवर नोंदवायचं. इथं सासूच लंगडत होती. 'हरणांनी पावन केलेली माती' बाबा पुडीतून देत. ती ताकातूनच घ्यायची आणि डॉक्टरच्या गोळ्या बंद! रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यापासून शिवबाईचे पाय सुजून डेरे झाले होते.

"दवाखान्यात चला, आत्याबाई."

"तुज्या अळणी ताकानं जीव गेला हुता माजा. बाबाच्या मातीनं तोंडाला चव आली बघ!"

ताक अळणी होतं, कारण डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मग चव आली कुठून? दाक्षायणीनं सासूच्या पेल्यातलं ताक चाखलं आणि पुडीकडं वळून पाहिलं.

पुढच्या रविवारी बाबा कार्यक्रमासाठी दुधनीला गेलेले. भक्तही नव्हते. मोजणीला आलेल्या दाक्षायणीनं दुर्बीण लावली. हरणं आली आणि रिकाम्या पाटाभोवती माना घालून माती चाटू लागली.

शेजारी बसलेले गावातले संघपाल गुरुजी हसले. "हरणांना मीठ लागतंच, ताई. मातीत मिसळलं की येतात चाटायला. त्यासाठी बाबा कशाला लागतोय?"

बाबा परतले त्या दिवशी, हरणं निघून गेल्यावर, दाक्षायणी उठली. सोबत गावातली येसूबाई, तिच्या शेळ्या आणि खारं पाणी भरलेला तांब्या.

"बाबा, शेळ्यांना पण दर्शन द्या की."

शेळ्या थेट पाटापाशी गेल्या आणि माना खाली घातल्या. "शेळ्यासुद्धा पुण्यवान!" बाबा गरजले. लोकांनी जयजयकार केला. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

दाक्षायणी मात्र बाबांच्या जीपकडं गेली आणि तांब्या पुढच्या चाकावर ओतला. घटकाभरात एक शेळी वळली, मग दुसरी, मग सगळ्याच. बाबांना पाठ दाखवून टायर चाटू लागल्या.

"अगं बया!" येसूबाई ओरडली. "टायर पण कैलासावरचा हाय व्हय?"

हशा पिकला.

"माझी माती औषध आहे!" बाबांचा आवाज चिरकला.

"मग आत्याबाई, आज ताक नको. चिमूटभर नुसतीच जिभेवर ठेवा."

शिवबाईनं पुडी सोडली. माती तोंडात टाकली. चेहरा आधी गोंधळला, मग उतरला.

"मीठ हाय की गं हे."

ती सुजल्या पायांनी उठली. "मला मीठ बंद हाय, म्हून पयल्याच दिवशी सांगितलं हुतं तुला. आणि तू मीठच चारलंस व्हय रं?"

बाबांना एकदम दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. पण जीपला शेळ्यांचा वेढा होता, आणि येसूबाईला त्या हाकलायची मुळीच घाई नव्हती.

शिवबाईनं सुनेचा दंड धरला. "दाक्षी, ते डॉक्टर लई बोलतील का गं मला?"

"बोलतील थोडं. मी हाय की संगं."

दोघी रस्त्याकडं निघाल्या, सुजलेल्या पायांना झेपेल तेवढ्याच गतीनं.

हरणांनी कुणाला फसवलं नाही. त्यांना मीठ हवं होतं, ती मिठापुढं वाकली. त्याला नमस्कार म्हटलं ते आपण. चमत्कार दिसला तर जरूर बघावा, पण तो करणारा नसताना काय होतं तेही बघावं. आणि कुणी कितीही गोड बोललं, तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नये.