विष काढणाऱ्या दोन सळ्या

भर चैत्रातलं ऊन, तरी पुसेगावजवळच्या तांड्यावर मांडवात मुंगीला वाट नव्हती. जलबाबांच्या पुढ्यात काचेचे दोन पेले. एकात तांड्याच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात बाबांचं मंतरलेलं. बाबांनी विहिरीच्या पाण्यात दोन सळ्या बुडवल्या आणि डोळे मिटून बटण दाबलं. पाणी बुडबुडलं, पिवळं पडलं, मग त्यावर तपकिरी गाळ चढला.

"बघा मायबहिणींनो! हे विष तुमी रोज पिऊन राहिले! हाडात जातंय, रक्तात जातंय, पोटातल्या जिवात जातंय!"

त्याच सळ्या मंतरलेल्या पाण्यात घातल्या. पाणी जसंच्या तसं. बायांनी हात जोडले.

मागं उभ्या तातेराव सरांनी घाम पुसला. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, नारळातून केस काढणारे, पोटातून खिळे काढणारे, सगळे पाहून झाले. आता रागवायचाही कंटाळा आला होता. पण रुपासाठी येणं भाग होतं. तांड्यावरच्या पारुबाईची ही सून, सातव्या महिन्यातली. पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. ते विहिरीच्या विषानं गेलं, असं बाबांनी सांगितलं आणि तिनं विहिरीचं पाणीच सोडलं. दिवसभराला बाबांची एकच बाटली. काल चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात पाणीच नाही, असंच चाललं तर याही लेकराचं काही खरं नाही.

सर पुढं झाले. "बाबा, तुमच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकतो."

"मंतरलेल्या पाण्यात मीठ? पाप लागंल, पाप!"

"लागू द्या. माझ्या माथी."

चेला अडवायच्या आत मीठ पडलं. सरांनी सळ्या बुडवून बटण दाबलं. मंतरलेलं पाणीही तपकिरी! मग सळ्या काढून त्यांनी खिशातल्या, जुन्या सेलमधल्या कार्बनच्या काळ्या कांड्या लावल्या आणि विहिरीचं ताजं पाणी घेतलं. बुडबुडे आले, गाळ काही आला नाही.

"सळ्या लोखंडाच्या हायेत," सर म्हणाले. "पाण्यात क्षार असले की वीज जाती, लोखंड झिजतं, त्याचा गंज वर येतो. बाबांचं पाणी म्हणजे बॅटरीत घालतात ते, शुद्ध केलेलं. त्यात क्षारच न्हाई, मंग वीज कशी जाईल? तुमी विष म्हणून गंज पाहून राहिले."

"पण म्हणून आमचं पाणी चांगलं, हे कशावरून?" तांड्याचे नायक प्रेमदास म्हणाले.

सरांसोबत आलेली त्यांची जुनी विद्यार्थिनी पुनम विद्यापीठात संशोधन करायची. तिनं विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा प्रयोगशाळेचा कागद दाखवला, पिशवीतून एक डबी काढली. "खताचं नायट्रेट तेवढं इथंच मोजून दाखवते."

"वजनाचा काटा बी सेट करता येतो, पोरी," प्रेमदास म्हणाले. " बाजारात लई पाहिले. तुझी डबी तूच सेट केली असंल."

हा सवाल बाबाला का नाही विचारला, असं सरांच्या अगदी ओठावर आलं होतं.

"हिला सेट करायला आधी मोजलेलं दुसरं पाणी लागतच न्हाई, मामा. तुमी जनावरं कशी मोजता?"

"दारातून एकेक सोडून."

"तसंच. हा पाण्याचा पातळ थर, मापातला. खाली तेलासारखा पदार्थ. दोन्हींची हद्द म्हणजे दार. वीज दिली की नायट्रेटचा कण न् कण दार ओलांडून तेलात जातो, आणि प्रत्येक कण विजेचा सारखाच भार नेतो. सगळे गेले की भार मोजायचा. झाली मोजदाद!"

आकडा आला लिटरला अठरा मिलिग्रॅम. पंचेचाळीसपर्यंत चालतं. बाकीच्या तपासण्याही कागदावर बऱ्या होत्या. तोवर बाबांचा चेला सळ्या गुंडाळत होता, आणि पारुबाई कुंकू घेऊन डबीकडं निघाली होती.

"अगं माय, तिला नको लावू!" सर कळवळून ओरडले.

रुपा मात्र जागची हलली नाही. "सर, मंग माझं पहिलं लेकरू काहून गेलं?"

सर तिच्याजवळ जाऊन बसले.

"मला ठाव न्हाई, लेकी. डॉक्टरलाबी सांगता आलं न्हाई. पण या बाबालाबी ठाव नव्हतं. त्यानं तुझ्या दुःखाला खोटं उत्तर दिलं, एवढंच."

ती रडली, पोटभर रडली. मग उठून विहिरीच्या पाण्याच्या माठाकडं गेली. एक तांब्या प्याली, दुसरा भरून घेतला.

माणसांनो, ठाव नसेल तर ठाव नाही म्हणा, त्यात लाज कसली? पण उत्तर देणारा कुणीही असो, बाबा असो की मास्तर, त्याला आधी एवढंच विचारा: कशावरून?